मनाली ते लेह सायकलने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की मला निरोप यायला लागतात. कुणी सिंहगडाच्या चढावर गाठतं, कुणी रात्री अकराला फोन करतं. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. या रस्त्यावर मी दोनदा गेलो. पहिल्या खेपेला सारचूहून परत फिरावं लागलं, दुसऱ्या खेपेला लेहच्याही पुढे, खारदुंग लापर्यंत पोहोचलो. खालची बरीचशी उत्तरं त्या पहिल्या खेपेनं शिकवली आहेत.

१. मनाली ते लेह एकूण अंतर किती? किती दिवस धरायचे?

रोहतांगवरून गेलात तर सुमारे ४७५ किलोमीटर. मनाली साधारण २,०५० मीटरवर आहे, लेह ३,५०० मीटरवर. वाटेत रोहतांग (३,९७८ मी.), बारालाचा ला (सुमारे ४,८९० मी.), नकी ला (सुमारे ४,७५० मी.), लाचुलुंग ला (सुमारे ५,०६० मी.) आणि तांगलांग ला (५,३२८ मी.) अशा पाच खिंडी लागतात. 'ला' म्हणजेच खिंड, त्यामुळे 'बारालाचा ला खिंड' असं म्हणायची गरज नाही.

विश्रांतीचा एक दिवस धरून तेरा दिवस आणि हाताशी दोन दिवस मोकळे, असा माझा हिशेब आहे. आठ-नऊ दिवसांत करणारे आहेत. रोजच्या अंतराकडे पाहिलं तर तेरा दिवस फार वाटतील, पण इथला हिशेब किलोमीटरचा नाही, रात्री किती उंचीवर झोपता याचा आहे (प्रश्न ६).

२. कोणता महिना चांगला?

जूनचा उत्तरार्ध ते सप्टेंबरचा मध्य. रस्ता साधारण मे-जूनमध्ये खुला होतो, पण सुरुवातीला बारालाचाच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात आणि वितळलेल्या पाण्याचे लोट रस्त्यावर येतात. जुलै-ऑगस्टमध्ये मनालीच्या बाजूला पाऊस आणि दरडी. बारालाचा ओलांडला की पाऊस बराचसा मागे राहतो, कारण लडाख पर्जन्यछायेत आहे. माझी पसंती ऑगस्टअखेर ते १० सप्टेंबर. नाले शांत असतात, आकाश स्वच्छ असतं. थंडी मात्र जास्त, सारचूला पहाटे बाटलीतलं पाणी गोठू शकतं. गणपतीची सुट्टी त्याच सुमारास येते म्हणून बरेच जण तेव्हाच निघतात.

३. मी रोज ऑफिसला सायकलने जातो. एवढ्यावर जमेल का?

बैठक तयार असेल, चढाची सवय नसेल. निघण्याआधी चार महिने द्या. आठवड्यात दोनदा चढ, रविवारी सामान लादून लांब पल्ला. पुण्याकडच्यांना सिंहगड, पसरणी घाट, वरंधा हाताशी आहेत, मुंबईकरांना माळशेज, कसारा. एक माप सांगतो: लेहहून खारदुंग लाचा चढ ४० किलोमीटरचा आणि उंची साधारण १,८५० मीटर वाढते. म्हणजे पायथ्यापासून एकापाठोपाठ तीन सिंहगड. सलग दोन दिवस सामानासह दोन-दोन सिंहगड करून तिसऱ्या दिवशी कामावर जाता आलं, तर पायांची तयारी झाली असं समजा.

वेगाच्या मागे लागू नका. चढावर सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढ्याच जोरात पाय मारायचे, ही सवय इथेच लावून घ्या. तिकडे तिच्यावरच सगळं चालतं.

४. महाराष्ट्रात उंचीचा सराव कसा करायचा?

होत नाही. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. ते मनालीपेक्षाही खाली आहे. तोंडावर मास्क लावून धावण्यानं श्वासाचे स्नायू दमतात, विरळ हवेची सवय होत नाही. ती सवय उंचीवर राहूनच होते आणि तिला दिवस द्यावे लागतात. मॅरेथॉन धावणाऱ्यालाही उंचीचा त्रास होतो, कधी जास्तच होतो, कारण पाय दमलेले नसल्यानं तो भराभर वर जातो.

५. उंचीचा त्रास म्हणजे नेमकं काय?

५,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच राहतं, पण प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन जवळजवळ निम्मा होतो. शरीर जुळवून घेतं: श्वास वाढतो, लघवी वाढते, हळूहळू रक्त बदलतं. त्याला वेळ दिला नाही तर डोकं दुखतं, मळमळतं, भूक मरते, झोप लागत नाही. हा साधा त्रास, आणि तो पुष्कळांना होतो.

त्यापुढचे दोन प्रकार जिवावरचे आहेत. फुप्फुसात पाणी झालं तर बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, पुढे फेसाळ किंवा गुलाबी थुंकी पडते. मेंदूला सूज आली तर माणूस झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो, गुंगीत जातो. टाचेला चवडा लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकायला लावा. जमलं नाही तर त्या माणसाला ताबडतोब खाली न्यायचं. सकाळची वाट बघायची नाही.

६. रोज मुक्काम कुठे करायचा?

डॉक्टरांचा ठरलेला नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. दिवसा कितीही वर जा, झोपायला खाली या. या रस्त्यावर हा नियम पूर्णपणे पाळता येत नाही, पण जवळपास जाता येतं.

पहिल्या दिवशी मढी (सुमारे ३,३०० मी.). मनालीपासून फक्त ३५ किलोमीटर, पण सगळा चढ. दुसऱ्या दिवशी रोहतांग ओलांडून खोकसर किंवा सिस्सू. तिसऱ्या दिवशी केलाँग, चौथ्या दिवशी जिस्पा. केलाँगच्या आधी तांदीला चंद्रा आणि भागा या नद्या भेटतात आणि पुढे चंद्रभागा होऊन वाहतात, तीच खाली चिनाब. तिथे पाच मिनिटं थांबा. पंढरीच्या वाटेवर चाललेली माणसं आपल्या घरात असतात, आणि ते नाव हिमालयात असं अवचित समोर येतं तेव्हा हात आपोआप जोडले जातात. मी ते पाणी डोळ्यांना लावलं होतं.

पाचवा दिवस जिस्पातच विश्रांती. दारच्यापर्यंत रिकाम्या सायकलने फेरी मारून या. सहाव्या दिवशी पटसेव (सुमारे ३,८०० मी.), इथे स्वतःचा तंबू हवा. सातव्या दिवशी झिंगझिंगबार (सुमारे ४,२७० मी.), आठव्या दिवशी बारालाचा ओलांडून सारचू (सुमारे ४,२९० मी.). बहुतेक जण जिस्पाहून एका दिवसात सारचू गाठतात आणि झोपण्याची उंची एका रात्रीत हजार मीटरनं वाढवतात. माझी पहिली मोहीम तिथेच संपली.

नवव्या दिवशी गाटा लूप्सची २१ वळणं आणि नकी ला चढून व्हिस्की नाला, दहाव्या दिवशी लाचुलुंग लावरून पांग (सुमारे ४,६०० मी.). अकराव्या दिवशी मोरे मैदानातून डेबरिंग, बाराव्या दिवशी तांगलांग ला ओलांडून रुमत्से किंवा लातो, तेराव्या दिवशी उपशीमार्गे सिंधूच्या काठानं लेह.

७. डायमॉक्स घ्यावी का?

डॉक्टरांशी बोलून. असेटाझोलामाइड हे त्या औषधाचं नाव. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून बहुधा १२५ मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा, चढाई सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. ही गोळी उंचीची सवय होण्याचा वेग वाढवते, लक्षणं झाकत नाही. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोड्याची चव बिघडते. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, आणि पहिली गोळी घरी घेऊन बघा. गोळी घेतली म्हणून प्रश्न ६ मधले मुक्काम गाळू नका.

८. सारचूला डोकं दुखायला लागलं, पण बाकीचे पुढे निघालेत. काय करू?

नुसतं डोकं दुखत असेल तर थांबा. पाणी प्या, खा, साधी वेदनाशामक गोळी घ्या, तिथेच आणखी एक रात्र काढा. दुसऱ्या दिवशी पूर्ण बरं वाटलं तरच पुढे. मळमळ वाढली, तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागली, तर खाली.

'खाली' म्हणजे कुठे, हा या रस्त्याचा खरा पेच आहे आणि तो निघण्याआधी समजून घ्यायला हवा. सारचूहून मनालीच्या बाजूला उतरायचं तर आधी बारालाचा चढावा लागतो. पांग तर दोन्हीकडून कोंडलेलं: मागे लाचुलुंग ला, पुढे तांगलांग ला, दोन्ही पाच हजार मीटरच्या वर. आजारी माणसाला सायकलवरून उतरवता येत नाही, गाडीच हवी, आणि तीही खिंडीवर न थांबणारी. पांगला लष्कराचा तळ आहे, अडचणीत तिथे मदत मिळते. लेहमध्ये सोनम नोरबू रुग्णालय आहे.

पहिल्या खेपेला मी जिस्पाहून थेट सारचूला गेलो. पाय उत्तम चालले होते. संध्याकाळी डोकं ठणकू लागलं ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी गाटा लूप्स होते. रात्री तीन उलट्या झाल्या. सकाळी बूट घालताना तोल गेला तेव्हा सोबत्यांनी एक ट्रक थांबवला, सायकल वर टाकली आणि एक जण माझ्यासोबत केलाँगपर्यंत आला. त्याचीही मोहीम तिथेच संपली. संध्याकाळी केलाँगमध्ये मी पोटभर जेवलो. औषध काही नव्हतं, फक्त बाराशे मीटर खाली आलो होतो. म्हणून गटानं निघण्याआधी एकमेकांना वचन द्या: दुखलं तर त्याच घटकेला सांगायचं, आणि एकाला उतरावं लागलं तर दुसऱ्यानं सोबत जायचं.

९. कोणती सायकल न्यावी? माझी हायब्रिड चालेल?

चालेल, गिअर पुरेसे हलके असतील तर. पुढची सर्वांत लहान चकती मागच्या कॅसेटच्या (चकत्यांच्या संचाच्या) सर्वांत मोठ्या चकतीपेक्षा लहान हवी. पुढे २४ किंवा २६ दाते, मागे ३४ असतील तर सामानासह निभावतं. टायर १.७५ ते २ इंच. अरुंद टायरची रोड बाइक नको, खिंडींजवळचा रस्ता खडी, चिखल आणि वाहतं पाणी यांचा असतो. सस्पेन्शन नसलं तरी बिघडत नाही.

सुटे भाग बरोबर घ्या: दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, ब्रेक पॅडच्या दोन जोड्या, चेन तोडायचं हत्यार आणि जोडलिंक, गिअर आणि ब्रेकची केबल, तुमच्या चाकाच्या मापाचे चार स्पोक, डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला जोडणारा तुकडा). हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, तो वाटेत कुठेच मिळणार नाही. केलाँग सोडलं की लेहपर्यंत सायकलचं दुकान नाही, ट्रकचं पंक्चर काढणारे भेटतील तेवढेच. मागच्या चाकाचा स्पोक बदलणं घरी शिकून जा.

१०. सायकल तिथपर्यंत आणि परत कशी न्यायची?

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात सामान म्हणून नोंदवता येते, त्यासाठी गाडीच्या वेळेआधी बराच वेळ पोहोचा. पॅडल काढा, हँडल आडवं फिरवा, डिरेलरवर जाड पुठ्ठा बांधा. दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीची बस, सायकल टपावर नाहीतर डिकीत. टपावर असेल तर स्वतः चढून बांधा.

परतीला लेहहून विमान सोयीचं. लेहमधल्या सायकल दुकानांत खोकं मागून घ्या. स्टोव्हचा गॅसचा डबा विमानात अजिबात चालत नाही, पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात.

११. विमानात किंवा खिंडीवर टायर फुटतो म्हणतात, खरं का?

नाही. विमानाच्या सामानाच्या कप्प्यातही दाब राखलेला असतो. खिंडीवर बाहेरचा दाब घटल्यानं टायरमधला दाब मोजमापात सहा-सात पीएसआयनं वाढतो, आणि थंडीनं थोडा घटतो. ५० पीएसआयचा टायर ५७ ला फुटत नाही. चिप्सची पाकिटं मात्र टम्म फुगतात, ती पाहून लोक घाबरतात. विमान कंपनीनं हवा कमी करायला सांगितली तर करा, वाद घालू नका.

१२. खायला काय मिळतं? शाकाहारी माणसाचं भागतं का?

भागतं. हंगामात झिंगझिंगबार, भरतपूर, सारचू, व्हिस्की नाला, पांग, डेबरिंग इथे पॅराशूटच्या कापडाचे ढाबे उभे असतात. राजमा-चावल, डाळभात, पराठा, मॅगी, चहा. तिथेच गादी आणि रजई मिळते. ढाबा चालवणाऱ्या बहुतेक बायका आहेत, 'आचे-ले' म्हटलं की चेहरा खुलतो, ताईसाठीचा लडाखी शब्द आहे तो.

स्वतः शिजवणार असाल तर एक लक्षात ठेवा: पाच हजार मीटरच्या आसपास पाणी साधारण ८४ अंशांनाच उकळतं, उघड्या भांड्यात डाळ शिजत नाही. पोहे, उपमा, सातू चालतात. घरून मेतकूट आणि लसणाची चटणी न्या. उंचीवर भूक मरते तेव्हा ओळखीची चवच घशाखाली उतरते. दशमी-धपाटे पहिले तीन-चार दिवस छान टिकतात.

१३. पाणी कुठे भरायचं?

तीन-साडेतीन लिटर वाहण्याची सोय ठेवा, गोळ्या किंवा गाळणी बरोबर घ्या. दोन टप्पे कोरडे आहेत. गाटा लूप्सच्या पायथ्यापासून व्हिस्की नाल्यापर्यंत, आणि मोरे मैदानाचे चाळीस-एक किलोमीटर. गाटा लूप्सवर एक छोटं स्थान आहे, बिघडलेल्या ट्रकजवळ अडकून गेलेल्या क्लीनरची कथा तिथले लोक सांगतात आणि त्याच्या नावानं पाण्याच्या बाटल्या ठेवतात. कथा खरी असो-नसो, त्या वळणांवर तहान काय असते ते कळलं की आपलाही हात बाटलीकडे जातो.

१४. नाले कसे ओलांडायचे?

सकाळी. बर्फ दिवसभर वितळतं, दुपारनंतर पाणी चढतं, आणि सकाळी घोट्यापर्यंत असलेला ओढा चार वाजता गुडघ्यावर जातो. उतरून, सायकल प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरून चाला, म्हणजे ती तुमच्या पायांवर येत नाही. मोजे काढा, बूट किंवा सँडल घाला, अनवाणी नको. वारासुद्धा दुपारीच सुटतो, मोरे मैदानात तो छातीवर घ्यावा लागला तर सपाटीवरही पहिला गिअर लागतो. म्हणून पहाटे निघणं, दोनच्या आत थांबणं.

१५. रोहतांगऐवजी अटल बोगद्यातून गेलो तर?

३ ऑक्टोबर २०२० ला खुला झालेला हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा वाट बरीच कमी करतो. सायकलसाठी मी तो सुचवणार नाही. बंद जागेत वाहनांचा धूर असतो, आणि रोहतांगवर शरीराला मिळणारी पहिली सवय हुकते. शिवाय गाड्या आता बोगद्यातून जातात, त्यामुळे जुना घाट पूर्वीपेक्षा खूप शांत झाला आहे. रोहतांगचा परवाना मोटार वाहनांसाठी असतो. रोहतांगवर मंगळवारी देखभालीसाठी पर्यटकांच्या गाड्या बंद असतात, त्या दिवशी निघणार असाल तर आदल्या दिवशी मनालीत चौकशी करा.

१६. इनर लाइन परमिट (सीमेलगतच्या भागात जायचा परवाना) लागतं का?

मनाली-लेह रस्त्यासाठी नाही. नुब्रा, पँगाँग या भागांसाठीही भारतीय नागरिकांना २०२१ पासून ते लागत नाही, शुल्क मात्र भरावं लागतं. ओळखपत्राच्या चार-पाच प्रती जवळ ठेवा.

१७. घरच्यांना रोज फोन करता येईल?

नाही, आणि हे त्यांना आधीच सांगा. दारच्याच्या पुढे उपशीपर्यंत नेटवर्कवर विसंबू नका. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांचं प्रीपेड कार्ड चालत नाही, पोस्टपेड लागतं. मुक्कामांची यादी घरी लिहून द्या आणि 'अमुक तारखेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करा' असा दिवस ठरवा.

१८. एकटी बाई जाऊ शकते का? पाळी आली तर?

जाऊ शकते, जातातही. ढाब्यांवर बायकाच असल्यानं मुक्कामाची धास्ती कमी असते. मोकाट कुत्र्यांचा त्रास मात्र सगळ्यांनाच होतो, सायकलवरून उतरून सायकल मध्ये धरून चाला. पाळीमुळे उंची सोसत नाही असं काही नाही, पण चक्र मागेपुढे होऊ शकतं, म्हणून सामान पूर्ण न्या. वापरलेलं सगळं बंद पिशवीत घालून लेहपर्यंत आणा. त्या थंड, कोरड्या मातीत काही लवकर कुजत नाही.

१९. मला बीपी किंवा दमा आहे. वय ५८. जाऊ का?

वय आड येत नाही. आटोक्यातला बीपी आणि आटोक्यातला दमा असलेले लोकही जातात, पण ठरवणार तुमचे डॉक्टर. त्यांना 'लेहला जातोय' एवढंच सांगू नका. 'चार-पाच रात्री ४,२०० मीटरच्या वर झोपणार आहे, जवळचं मोठं रुग्णालय गाडीनं काही तासांवर आहे', असं सांगा. हृदयाचा विकार, फुप्फुसाचा जुनाट आजार किंवा गरोदरपण असेल तर हा रस्ता नको.

२०. विमानाने लेहला उतरून फक्त खारदुंग ला करता येईल? तो जगातला सर्वांत उंच रस्ता आहे ना?

करता येईल. थेट ३,५०० मीटरवर उतरल्यामुळे पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती, पुढचे दोन-तीन दिवस शे, ठिकसे, निम्मू अशा फेऱ्या, मग खारदुंग ला. त्या चढावरच्या साउथ पुलूपर्यंत आदल्या दिवशी जाऊन परत या. लेहहून मनालीकडे चालवणाऱ्यांनाही हेच लागू.

उंचीचं म्हणाल तर फलकावर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. प्रत्यक्ष मोजणीत तो ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८२ फूट भरतो, तांगलांग लापेक्षा जेमतेम तीस मीटर जास्त. २०२१ मध्ये सीमा रस्ते संघटनेनं (बीआरओ) पूर्ण केलेला उमलिंग लाचा डांबरी रस्ता १९,०२४ फुटांवर आहे.

२१. एखादी खिंड गाडीतून पार केली तर मोहीम पूर्ण झाली म्हणायची का?

हा प्रश्न बहुधा परत आलेली माणसं विचारतात, आणि विचारताना त्यांचा आवाज खाली गेलेला असतो. दरड होती, नाल्यात पूल वाहून गेला होता, ताप होता, म्हणून ट्रकमध्ये बसलात. जेवढं चालवलंत तेवढं चालवलंत, कुणी विचारलं तर तेवढंच सांगा. गाडीनं खिंड ओलांडली तर पुढचा मुक्काम मात्र तपासून घ्या: वाचलेल्या दिवसात आणखी वर जाऊन झोपायचं नाही. दुसऱ्या खेपेला व्हिस्की नाल्यावर आमच्यातल्या एकाला बरं वाटेना, तेव्हा तो त्याच दुपारी लेहच्या गाडीत बसला आणि मी सोबत गेलो. चार दिवसांनी, दोघंही ठीक झाल्यावर, आम्ही गाडीनं व्हिस्की नाल्याला परत आलो आणि तिथूनच पुढे पॅडल मारलं.